सोपा धबधबा म्हणजे नेमका कोणता? बोरिवली ते भिवपुरी, घरच्यांना घेऊन

(या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. ट्रेनमध्ये इयरफोन विसरलेल्यांसाठी! बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय.)

छत्री, रेनकोट, मोबाइलचं प्लास्टिकचं पाकीट, सगळं बाहेर निघालं ना?

जून संपत आला की माझ्याकडे एकाच प्रकारचे व्हॉइस नोट यायला लागतात. "ताई, रविवारी आई-बाबांना आणि भाचरांना घेऊन धबधब्यावर जायचंय. जवळचा, सोपा कुठला?" विचारणारे अंधेरीचे असतात, बोरिवलीचे असतात, मुलुंड-घाटकोपरचे तर हमखास. आणि दरवेळी "सोपा" या शब्दाचा अर्थ एकच असतो. चढ कमी, चालणं कमी, स्टेशनपासून जवळ.

मीसुद्धा तोच अर्थ धरून चालले होते. तीन वर्षांपूर्वीच्या जुलैपर्यंत.

आधी तो किस्सा सांगते, कारण आजचा सगळा भाग त्यातूनच आलाय. मी, आई, माझी मावशी आणि सात वर्षांचा भाचा. घाटकोपरहून सकाळची कर्जत लोकल पकडली, भिवपुरी रोडला उतरलो, शेतातल्या बांधावरून चालायला लागलो. धबधबा छोटासाच होता, नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे रांग लागेल. चढ जवळजवळ नाहीच. वाटेत एक ओढा लागला, घोट्याएवढं पाणी. भाच्याने तर त्यात तीनदा उड्या मारल्या. मावशी म्हणाली, "अगं, हे तर आमच्या गावच्या पाटासारखं आहे." मीही छाती फुगवून सांगितलं, "बघ, म्हटलं होतं ना, एकदम सोपं आहे."

दीड तास मजा केली. आमच्या डोक्यावर फार पाऊसही नव्हता, रिमझिम म्हणतात तसा. परत निघालो आणि ओढ्यापाशी आलो, तर ओढा ओळखू येईना. पाणी चहाच्या रंगाचं झालेलं, मध्येच काटक्या आणि पालापाचोळा वाहत येतोय, आणि आवाज... सकाळी तो ओढा गुणगुणत होता, आता तो आम्हाला एकमेकींचं बोलणं ऐकू देत नव्हता. उंची माझ्या गुडघ्याच्या वर. म्हणजे भाच्याच्या कमरेला.

खरं सांगू? माझा पहिला विचार होता, हात धरून साखळी करू आणि जाऊ पलीकडे. पाच-सहा पावलांचा तर प्रश्न आहे. पलीकडून गुरं घेऊन आलेले एक काका ओरडले, "ओ ताई, थांबा तिथंच! जसं चढलंय तसं उतरंल." आम्ही थांबलो. भाचा कंटाळला, आई देवाचं नाव घेत बसली, मावशीने डब्यातल्या सगळ्या दशम्या संपवल्या. साधारण सव्वा तासाने पाणी परत पोटरीच्या खाली आलं आणि काका स्वतः अर्ध्यात येऊन भाच्याला खांद्यावर घेऊन गेले.

त्या दिवसापासून माझी सोप्या धबधब्याची व्याख्या बदलली. चढ किती, हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न हा, की परतीच्या वाटेवर पाणी ओलांडावं लागतं का? लागत असेल तर तो धबधबा घरच्यांसाठी सोपा नाही, मग तो स्टेशनच्या फलाटावरून दिसत का असेना.

आता हे पाणी असं अचानक का चढतं, ते समजून घेऊ. थोडं गणित आहे, पळू नका.

धबधब्याचं पाणी तुमच्या डोक्यावर पडणाऱ्या पावसातून येत नाही. ते वरच्या डोंगरावर, जिथे तुमची नजरही पोचत नाही, तिथे पडलेल्या पावसातून येतं. ओढ्याला पाणी देणारा हा जो वरचा सगळा भाग, त्याला पाणलोट म्हणतात. समजा हा पाणलोट फक्त एक चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे अगदी छोटा. त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे जुलैत ही काही अजब गोष्ट नाही. किती पाणी झालं? पाच कोटी लिटर. ते सगळं तासाभरात एकाच ओढ्यातून उतरलं तर सेकंदाला जवळजवळ १४ हजार लिटर. सोसायटीत पाण्याचा मोठा टँकर येतो ना, साधारण दहा हजार लिटरचा, तसा एकाहून जास्त टँकर दर सेकंदाला. अर्थात सगळं पाणी लगेच वाहून येत नाही, काही जमिनीत मुरतं. पण सह्याद्रीचा खडक आहे बेसॉल्ट, वर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. जुलैच्या मध्यापर्यंत माती पाणी पिऊन टम्म झालेली असते. मग मुरायचं कुठे?

म्हणून ओढा पंधरा-वीस मिनिटांत अंगात आल्यासारखा वागतो. आणि याच कारणामुळे तो उतरतोही लवकर. ओढा लहान आहे, उतार तीव्र आहे, वरचा पाऊस थांबला की पाणी वाहून जाऊन मोकळं. मोठी नदी दोन-तीन दिवस पुरात राहते, डोंगरातला ओढा बऱ्याचदा एक-दोन तासांत खाली येतो. काकांना हे गणित मांडून दाखवता आलं नसतं, पण उत्तर त्यांना पाठ होतं. थांबा. ओढ्यावर अडकलात तर थांबणं हाच सगळ्यात चांगला उपाय असतो, म्हणून पिशवीत जास्तीचा खाऊ आणि एक कोरडा टॉवेल हवाच.

साखळी करून जाण्याबद्दल. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. अमेरिकेची हवामान सेवा तिथल्या लोकांना सांगते, की जोरात वाहणारं सहा इंच पाणीसुद्धा धडधाकट माणसाला पाडू शकतं. सहा इंच म्हणजे वीत पण नाही हो! त्यात खाली शेवाळलेला दगड. साखळीतला एक घसरला की तो बाकीच्यांनाही ओढतो.

३० जून २०२४, रविवार. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्याचा तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या व्हॉट्सॲपवर आला असेल. मी तो परत बघू शकत नाही. फिरायला आलेलं एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभं होतं, चारी बाजूंनी पाणी वाढत गेलं. त्या दिवशी एकाच कुटुंबातले पाच जण गेले, त्यात लहान मुलं होती. लोकांनी खाली कमेंट केल्या, "अक्कल नव्हती का?" मला ते वाचून राग येतो. ते खडकावर गेले तेव्हा पाणी कमीच असणार. माझ्या भाच्याने उड्या मारल्या तेव्हाही कमीच होतं.

तर मग जायचं कुठे? आता एकेक जागा याच चाळणीतून काढू.

बोरिवली, अंधेरीच्या मंडळींसाठी पहिलं नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तुम्ही म्हणाल, हे काय, शाळेच्या सहलीचं ठिकाण! पण पावसाळ्यात कान्हेरीला गेलायत का कधी? बोरिवली पूर्वेला उतरून गेटपर्यंत चालत जाता येतं, आत उद्यानाची बस मिळते, सायकलही भाड्याने मिळते. कान्हेरी गेटपासून सहा-सात किलोमीटर आत आहे. शंभराहून जास्त लेणी, सगळ्यात जुनी दोन हजार वर्षांच्या आसपासची. आणि पाऊस चांगला लागला, की त्या काळ्या खडकावरून जागोजागी पाणी घरंगळत खाली येतं आणि मधल्या नाल्यात उड्या घेतं. तुम्ही मात्र दगडात कोरलेल्या पायऱ्यांवर उभे. पाणी ओलांडायचं कुठेच नाही. माझी आई, गुडघे दुखणारी, इथे आरामात फिरली. फक्त नाल्यात उतरायचं नाही. रील छान येईल वगैरे काही नाही, नाही म्हणजे नाही. ओला कातळ साबणासारखा असतो.

कान्हेरीत भाच्याला मी एक खेळ दिला होता, पाण्याची टाकी मोज. लेण्यांच्या शेजारी खडकात टाकी खोदलेली आहेत आणि वरून येणारं पाणी त्यात जावं म्हणून छोटे पाट कोरलेत. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांमध्ये अशा टाक्यांना पोढी म्हटलंय, आणि कुणी कुणी पोढी दान केली त्याची नोंद आहे. म्हणजे डोंगरावरून पळणारं पाणी अडवायचं कसं, हे त्या लोकांनी किती बारकाईने पाहिलं होतं बघा. भाचा सतराव्या टाक्याला दमला.

याच उद्यानात शिलोंडा नावाची पायवाट आहे, ओढ्याच्या काठाने जाणारी. सुंदर आहे, पण तिथे आपापलं घुसायचं नसतं. उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्राकडून परवानगी आणि सोबत माहितगार घेऊन जायचं. लहान मुलं आठ-दहा वर्षांच्या वरची असतील तर मी सुचवेन, त्याखाली कान्हेरीच बरं. आणि उद्यान सोमवारी बंद असतं हे विसरू नका. आमच्या ग्रुपमधले दोघं सोमवारी सुट्टी टाकून गेटवर फोटो काढून परत आलेत.

गोरेगावला फिल्मसिटीच्या बाजूला बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं, निसर्ग शिक्षण केंद्र आहे. ३३ एकर, राष्ट्रीय उद्यानाला लागून. आधी चौकशी करून त्यांच्या निसर्गफेरीला जा. मोठा धबधबा नाही, पण ओहोळ, खेकडे, बेडूक, कोळी... पाच वर्षांच्या पोराला याहून जास्त काय हवं? खरं तर लहान मुलांना शंभर फुटी धबधबा नकोच असतो, त्यांना दगड टाकायला पाणी हवं असतं.

जाता जाता एक गोष्ट. दहिसर नदी तुळशी तलावाच्या बाजूने, याच डोंगरातून निघते. मिठी नदी विहार आणि पवईच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून. आपण ज्यांना नाला म्हणून नाक दाबतो, त्यांची ही बालपणीची रूपं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा याच नद्या घरात आल्या होत्या. तुमच्या आई-बाबांना त्या रात्रीबद्दल विचारा, प्रत्येकाकडे एक गोष्ट आहे.

घाटकोपर, मुलुंडकरांना मध्य रेल्वेचा आधार. अंधेरीवाल्यांनी मेट्रोने घाटकोपर गाठायचं आणि तिथून कर्जत लोकल. रविवारचा मेगाब्लॉक आधी बघून घ्या, नाहीतर पहिला धबधबा डोळ्यांतूनच सुरू होईल.

इथे माझी पहिली पसंती माथेरान. दचकू नका, ट्रेक करून नाही. नेरळला उतरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत. पुढे गाड्या बंद. पावसाळ्यात नेरळपासूनची मिनी ट्रेन बंद असते, पण अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी सुरू असते, नाहीतर लाल मातीच्या रस्त्याने चालत. पाऊण-एक तास, हळूहळू. इथे तुम्ही धबधब्याच्या खाली नसता, वर असता. पॉइंटवरून समोरच्या कड्यांवरून कोसळणारे धबधबे दिसतात. एक प्रामाणिक इशारा, धुकं असलं तर काहीच दिसत नाही! पांढरी चादर आणि माकडं, बस्. आणि धुक्यात कड्याचा काठ कळत नाही, म्हणून कठड्याच्या अलीकडेच. जुलै २०२४ मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओ करताना मुंबईची एक सत्तावीस वर्षांची मुलगी दरीत कोसळून गेली. फोन हातात असला की आपल्याला पाय असतात हेच आपण विसरतो, मीही विसरते.

भिवपुरीचा आषाणे धबधबा प्रसिद्ध आहे, स्टेशनपासून चालत जाता येतं, कॉलेजची गर्दी तिथेच असते. पावसात मी तिथे आईला नेणार नाही. सप्टेंबरात, पाऊस ओसरल्यावर, नेईन. तुंगारेश्वर बोरिवलीकरांना जवळ, वसईला. मंदिराकडे जाणारा रस्ता सपाट आहे म्हणून सगळे सोपा म्हणतात, पण त्या रस्त्याला ओढे आडवे येतात. आपली चाळणी आठवा. रिमझिम असेल तर पहिल्या ओढ्याच्या अलीकडे डबा खा आणि परत या, काही बिघडत नाही.

चिंचोटी, बदलापूरचं कोंडेश्वर, खारघरचं पांडवकडा ही तीन नावं घरच्या सहलीतून काढून टाका. धबधबा जिथे आपटतो तिथे पाणी दगडगोटे गरगरा फिरवून खडकात खोल खळगे पाडतं, रांजणखळगे म्हणतात त्यांना. गढूळ पाण्यात वरून कळतच नाही की इथे कंबरेएवढं आहे आणि एका पावलावर दोन पुरुष. पोहता येणारेही अशा ठिकाणी बुडालेत. शिवाय इथे वरचेवर बंदी असते.

बंदीचं कसं असतं, तेही सांगते. पावसाळ्यात जिल्हाधिकारी किंवा प्रांत मनाई आदेश काढतात. पूर्वी कलम १४४ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. माझं मत विचाराल तर सरसकट बंदी मला आवडत नाही. तिथे भजी, भुट्टा, चहा विकणाऱ्या गावातल्या बायकांचे वर्षाचे हे दोन-तीनच महिने कमाईचे असतात. पण आदेश असेल तर जायचं नाही, आणि "मागच्या वाटेने नेतो, दोनशे द्या" म्हणणाऱ्याबरोबर तर अजिबात नाही. मागच्या वाटेवर अडकलेल्या माणसाला शोधायला गावातलीच पोरं जीव धोक्यात घालून येतात.

आता फोन काढा, कामाचं सांगते. हवामान विभागाचं मौसम ॲप किंवा वेबसाइट उघडलीत की तुम्ही काय बघता? मुंबई. आणि तिथेच चूक होते. कर्जत, नेरळ, माथेरान, माणगाव हे रायगड जिल्ह्यात. बदलापूर ठाण्यात. वसई पालघरमध्ये. लोणावळा पुण्यात. जिथे जायचं त्या जिल्ह्याचा रंग बघायचा. समुद्रावरून आलेले ढग डोंगराला अडून वर चढतात आणि तिथे मोकळे होतात, म्हणून माथेरानला वर्षभरात मुंबईच्या दुपटीच्या आसपास पाऊस पडतो. अंधेरीत ऊन असताना तिथे धो धो असू शकतो.

हवामान विभागाच्या भाषेत मुसळधार म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर, अति मुसळधार ११५.६ पासून, आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. माझा घरचा नियम साधा आहे. हिरवा रंग, जा. पिवळा, फक्त कान्हेरी किंवा तसलं पायऱ्यांचं ठिकाण. केशरी किंवा लाल, घरी कांदाभजी. आणि निघायच्या आधी रडारचं चित्र बघा. मुंबईत दोन डॉप्लर रडार आहेत, एक कुलाब्याला आणि दुसरं आपल्याच अंधेरीत, वेरावलीला, २०२२ पासून. ढगांचा पट्टा कुठून कुठे सरकतोय ते दिसतं. विजांसाठी दामिनी नावाचं ॲप आहे, ते आजच टाकून ठेवा, कारण डोंगराच्या पोटात नेटवर्क नसतं. नकाशाही आधीच डाउनलोड करा. अडचणीत ११२.

तिथे पोचल्यावर मी आणखी एक करते. पाण्याच्या काठावरचा एक दगड निवडायचा, त्याचा फोटो काढायचा, आणि भाच्याला कामाला लावायचं. "दर दहा मिनिटांनी सांग, दगड किती बुडला." पोरं हे काम मन लावून करतात. पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या यायला लागल्या, आवाज बदलला, किंवा दगड बुडाला, की जेवण अर्धवट असलं तरी उठायचं. वर, बाजूला, पाण्यापासून लांब. फोटो नंतर.

चपला नकोत, मागे पट्टा असलेले रबरी सॅंडल. आणि वेफर्सची पाकिटं परत आणा हो, ती ओढ्यातून शेवटी आपल्याच खाडीत येतात.

मागच्या वर्षी मावशीने स्वतःहून विचारलं, "यंदा कुठे?" मी म्हटलं, कान्हेरी. ती म्हणाली, "ओढा नाही ना गं मध्ये?" तुमच्याही घरी असं कुणी अडकलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, जागा आणि वेळ सांगून. पुढच्या भागात त्यातले काही ऐकवते. चला, भेटू.